फ्रान्स्वा आरागो

दोमिनिक फ्रान्स्वा ज्याँ आरागो (२६ फेब्रुवारी १७८६ – २ ऑक्टोबर १८५३) हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व राजकारणी होते. फिरत्या धातूच्या तबकडीमागोमाग चुंबकसूचीही स्पर्शावाचून फिरू लागते, हा त्यांचा शोध आरागोचे परिभ्रमण या नावाने ओळखला जातो.

जीवन

आरागो यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील पेर्पिन्याँजवळच्या एस्ताजेल या गावी झाला. १८०३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळविला. १८०६ मध्ये बिओ यांच्यासमवेत ते पॅरिसच्या मध्यान्ह रेषेची मोजणी पुढे नेण्यासाठी स्पेनला गेले. बिओ परतले, आरागो बेलिआरिक बेटांवर काम करीत राहिले. १८०८ मध्ये स्पेनने नेपोलियनविरुद्ध उठाव केला, तेव्हा डोंगरमाथ्यावरून खुणेचे दिवे दाखविणारा हा तरुण लोकांना हेर वाटला. बेल्व्हेर किल्ल्यातील कैद, तेथून अल्जीयर्सला पलायन, परतीच्या वाटेवर स्पॅनिश जहाजाच्या हाती सापडून पुन्हा तुरुंगवास, पुन्हा अल्जीयर्स, असे हाल सोसून जुलै १८०९ मध्ये ते मार्सेय बंदरी उतरले. मोजणीच्या नोंदी मात्र त्यांनी अखेरपर्यंत जपल्या होत्या. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

प्रकाश हा तरंगरूप आहे, या फ्रेनेल यांच्या मताचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. सप्टेंबर १८२० मध्ये त्यांनी ओर्स्टेड यांचा प्रयोग अकादमीपुढे करून दाखविला. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते, हे पाहून सभेतील अँपिअर यांनी लगोलग आपले संशोधन आरंभिले.

चुंबकीय परिभ्रमण

१८२२ मध्ये हंबोल्ट यांच्याबरोबर ग्रिनिच येथे चुंबकीय मापने करीत असता आरागो यांच्या ध्यानी एक बारीकशी गोष्ट आली. आंदोलणारी चुंबकसूची मोकळी असताना बराच वेळ झुलते. धातूच्या डबीत ठेवली की लवकर स्थिरावते. वास्तविक तांब्याला चुंबक ओढीत नाही; मग तांबे सूचीला रोखते कसे? १८२४ मध्ये त्यांनी हाच प्रश्न उलटा केला. स्थिर तांबे हलत्या सूचीला थांबवीत असेल, तर हलते तांबे स्थिर सूचीला हलवील काय? सूचीखाली तांब्याची तबकडी फिरविताच सूची आपली दिशा सोडून कलली आणि वेग वाढविल्यावर तबकडीबरोबर गरगर फिरू लागली. मध्ये वाऱ्याची झुळूक पोहोचू नये म्हणून पडदा ठेवला, तरी परिणाम तोच राहिला. या शोधाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२५ मध्ये त्यांना कोप्ले पदक दिले.

त्याच वर्षी बॅबेज आणि हर्शेल यांनी लंडनमध्ये खाली नालाकृती चुंबक फिरवून वरची तांब्याची तबकडी फिरविली. तबकडीला केंद्राकडून कडेपर्यंत चिरा पाडल्या की जोर घटे, आणि त्या चिरा धातूने सांधल्या की बराचसा परत येई. कारण येथे जवळजवळ हाती लागले होते, पण ते कोणालाच ओळखू आले नाही. प्वासाँ यांनी गणिती उपपत्ती मांडून पाहिली, तीही टिकली नाही. पुराव्यापलीकडे जाऊन आरागो यांनी कारण सांगितले नाही. हा त्यांचा संयम पदकापेक्षा मोलाचा मानावा लागेल. उलगडा १८३१ मध्ये फॅरेडे यांनी केला. चुंबक आणि तबकडी यांच्यातील सापेक्ष गतीमुळे तबकडीत विद्युतप्रवाह प्रवर्तित होतात आणि ते त्या गतीला विरोध करतात. चिरांनी या प्रवाहांचीच वाट अडविली होती.

पुढील वाटचाल

१८७९ मध्ये वॉल्टर बेली यांनी विद्युतचुंबक आळीपाळीने चालू-बंद करून तबकडी फिरविली. फेरारीस व टेस्ला यांच्या प्रवर्तन चलित्राची ही पूर्वतयारी ठरली. आपल्या घरांतील जुन्या वीजमापकात काचेआड मंद फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती याच तत्त्वावर चालते.

प्रयोगशाळेतील चुंबकीय ढवळणी ही या घराण्यातील दूरची नातलग होय. आर्थर रोझिंगर यांना १९४४ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. चंचुपात्राखाली मोटरीने चुंबक फिरतो आणि द्रवातील आवरणयुक्त चुंबकदांडी त्याच्यामागे फिरते. दांडा आत न्यावा लागत नसल्याने भांडे बंद राखता येते. तसेच बैठक तीच ठेवून भांड्याच्या आकाराप्रमाणे लहानमोठी दांडी बदलता येते. भेद एवढाच, की आरागोंच्या तबकडीत प्रवाह उपजण्यासाठी वेगात फरक असावाच लागतो. येथे दोन्ही बाजू चुंबक असल्याने दांडी बरोबरीने फिरते. वेग फार वाढविला किंवा द्रव फार दाट असला, की ती पकड सोडून जागच्या जागी थरथरते.

राजकारण व अखेर

१८३० मध्ये आरागो अकादमीचे कायम सचिव झाले. १८४८ च्या क्रांतीनंतर हंगामी सरकारात ते युद्ध व नौदल-वसाहत खात्यांचे मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, शल्शेर यांच्या पुढाकाराने, २७ एप्रिल १८४८ रोजी फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. १८५२ मध्ये लुई नेपोलियन यांच्याशी निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला. त्यांची मान्यता एवढी होती, की त्यांना शपथेतून सूट देण्यात आली. मधुमेहाने खंगलेले आणि दृष्टी गमावत चाललेले आरागो पुढल्याच वर्षी पॅरिस येथे वारले.

पॅरिसमधील त्यांचा ब्राँझचा पुतळा जर्मन ताब्याच्या काळात वितळविण्यात आला. त्याच्या जागी नवा पुतळा न उभारता १९९४ मध्ये यान डिबेट्स या डच कलावंताने शहरातून जाणाऱ्या मध्यान्ह रेषेवर आरागो असे कोरलेल्या १३५ लहान चकत्या बसविल्या.