जमशेटजी टाटा आणि डोंगरावरचे पाणी

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, येलदरी येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. कोंडलेले पाणी खाली सोडावयाचे आणि त्याच्या जोराने विजेची यंत्रे फिरवावयाची, ही गोष्ट ते वीजघर बांधले गेले तेव्हा महाराष्ट्रात नवी राहिली नव्हती. सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालविण्याचा ध्यास एका पुरुषाने फार पूर्वी घेतला होता. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. घराण्यात परंपरेने धर्मोपाध्यायाचे काम चालत असे. परंतु वडील नसरवानजी यांनी मुंबईस येऊन व्यापार आरंभिला. जमशेटजीही लहानपणीच मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण 1858 साली पुरे करून वडिलांच्या पेढीत काम पाहू लागले. पुढे त्यांनी कापसाच्या धंद्यात लक्ष घातले. त्या काळी गिरणी म्हटली की ती मुंबईसच असावयाची. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी असे ठरवून नागपूर पसंत केले. 1 जानेवारी 1877 रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी अनेकांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला. गिरणीला नफा होऊ लागला तेव्हा ते बोलणे आपोआप थांबले.

मुंबईच्या गिरण्यांची अडचण निराळी होती. वाफेची यंत्रे कोळशावर चालत आणि कोळशाच्या खाणी मुंबईपासून फार दूर होत्या. तो दूरदेशाहून किंवा बंगालकडून आणावा लागे. शिवाय शेकडो धुराड्यांच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई. अशा वेळी डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतील एका तज्ज्ञाने लोणावळ्याच्या पावसाकडे बोट दाखविले. लोणावळ्याला चार महिन्यांत इतका पाऊस कोसळतो की मराठवाड्यात कित्येक वर्षांत मिळूनही तेवढा पडत नाही. आणि तेथून खोपोलीकडे डोंगराचा कडा एकदम खाली उतरतो. हे पाणी तलावांत साठविले, तर ते वर्षभर पुरेल. जमशेटजींनी ही कल्पना उचलून धरली.

पाण्याचा आणि विजेचा संबंध येथे नीट समजून घेतला पाहिजे. टाकी जितकी उंच, तितके नळाचे पाणी जोराने येते. विजेलाही असाच एक जोर असतो. त्यास दाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून किती वीज वाहते तो प्रवाह. आणि तार त्या प्रवाहास जी अडवणूक करते तो रोध. तार लांब आणि बारीक असली की रोध वाढतो, आणि त्या अडवणुकीत विजेची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पाण्याहून विजेचे एक लक्षण मात्र वेगळे आहे. नळ फुटला तरी पाणी बाहेर सांडत राहते. तार तुटली की प्रवाह तत्काळ थांबतो. जनित्रापासून निघून, दिव्यातून किंवा यंत्रातून जाऊन, पुन्हा जनित्राकडे येण्याची वाट अखंड असेल तरच वीज वाहते. या अखंड वाटेस विद्युत्-मंडल म्हणतात. दिव्याची कळ दाबणे म्हणजे हे मंडल जोडणे किंवा तोडणे, याहून अधिक काही नाही.

खोपोली ते मुंबई हे अंतर सुमारे 70 किलोमीटर. एवढ्या लांब तारेत बहुतेक शक्ती वाटेतच संपून गेली तर उपयोग काय? यावर तोड होती. दाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती पोहोचविण्यास दहावा हिस्सा प्रवाह पुरतो. आणि प्रवाह दहावा हिस्सा झाला की त्याच तारेतील नुकसान शंभरावा हिस्सा होते. म्हणूनच पुढे ही वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईस आणली गेली.

जमशेटजींच्या डोक्यात एकच योजना नव्हती. पोलादाचा कारखाना आणि विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था यांसाठीही त्यांची धडपड चालू होती. 1903 साली मुंबईत त्यांचे ताजमहाल हॉटेल उघडले, तेव्हा विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती वास्तू पाहून लोक चकित झाले. परंतु प्रकृती ढासळत चालली होती. 19 मे 1904 रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचा अंत झाला. तीन मोठ्या योजनांपैकी एकही त्या दिवशी पुरी झालेली नव्हती.

पुत्र दोराबजी यांनी त्या पुढे नेल्या. विजेच्या योजनेसाठी 1910 साली कंपनी स्थापन झाली आणि 8 फेब्रुवारी 1911 रोजी लोणावळ्यास कोनशिला बसविली गेली. तलाव बांधले गेले. 500 मीटरांहून अधिक उंचीवरून लोखंडी नळांतून पाणी खोपोलीस उतरविले गेले. बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 रोजी, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजघर सुरू झाले.

या कामाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. तलाव जेथे होतात तेथे आधी कोणाची तरी शेते असतात. पुढे टाटांनी मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि याच लढ्यामुळे लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. शेतकऱ्यांनी तुरुंगवास सोसला, तरी धरण थांबले नाही. 1927 साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजघर चालू झाले.