फिन्नी लोकांचे पहिले पंतोजी : मीकाएल अग्रिकोला

जुन्नरच्या लेण्यांत जे प्राचीन दानलेख कोरलेले आहेत, त्यांपैकी काहींत दाते यवन, म्हणजे परदेशी, असल्याचे नमूद आहे. तरी ते लेख परक्या भाषेत नाहीत. त्या काळच्या येथील प्राकृत वाणीत व ब्राह्मी लिपीत आहेत. लोकांत राहावयाचे तर लोकांची वाणी धरावी लागते, ही गोष्ट आमच्या या डोंगरांस नवी नव्हे. आज आम्ही वाचकांपुढे एका दूरच्या, बर्फाच्या देशातील अशा पुरुषाचे चरित्र ठेवीत आहो, की ज्यांनी आपल्या देशातील शेतकऱ्यांची वाणी प्रथमच छापील पुस्तकात आणिली.

त्यांचे नाव मीकाएल अग्रिकोला. त्यांचा जन्म सुमारे १५१० साली फिनलंडाच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेर्नाया परगण्यात, तोर्स्बी नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील ओलावी हे शेतकरी होते. पुढे विद्यार्थिदशेत मीकाएलांनी अग्रिकोला हे नाव धारण केले. या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी शेतकरी असा आहे. विद्वान झाल्यावर कुळाचा नांगर लपविण्याची त्यांस गरज वाटली नाही, हे आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

त्या काळी फिनलंड स्वीडनच्या राजाच्या सत्तेखाली होते. कचेरीची भाषा स्वीडिश, मंडळीची भाषा लॅटिन, आणि बहुतेक खेडुतांच्या तोंडी मात्र फिन्नी. फिन्नी भाषेत छापलेले एकही पुस्तक नव्हते. खेड्यातील मनुष्य उपासनेस येई, गुडघे टेकी, आणि आपल्यासाठी काय मागितले गेले हे न समजताच घरी जाई.

मीकाएल प्रथम वीपुरी नगराच्या शाळेत शिकले. त्या व्यापारी नगरात फिन्नी, स्वीडिश, जर्मन व रशियन अशा चार भाषा कानी पडत. १५२८ साली ते तुर्कू येथे बिशपांचे लेखनिक झाले. बिशप मार्तिनुस स्क्युत्ते यांनी त्यांस १५३६ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे धाडिले. तेथे त्यांनी लूथर व मेलांख्थोन यांच्या चरणांशी बसून अध्ययन केले, आणि तेथेच नव्या कराराचे फिन्नी भाषांतर आरंभिले. पैशाची अडचण होती. राजाकडे साह्यासाठी विनंतीपत्रे लिहावी लागली. १५३९ साली पदवी घेऊन ते परतले व तुर्कूच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले.

आता त्यांच्या शहाणपणाची गोष्ट पाहा. भाषांतर हाती असताही त्यांनी ते प्रथम छापिले नाही. ज्यास अक्षर येत नाही, त्याच्या हाती मोठा ग्रंथ देऊन काय उपयोग? म्हणून १५४३ साली त्यांनी प्रथम एक बाळबोध पुस्तक काढिले. ते अवघे १६ पानांचे होते. फिनलंडात छापखाना नव्हता. ते समुद्रापलीकडे स्टॉकहोम येथे छापावे लागले. त्यात लहानथोरांस शिकण्याचे आवाहन, मुळाक्षरे, दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना व अंक एवढाच मजकूर मुख्यत्वे होता. त्या पहिल्या आवृत्तीची संपूर्ण प्रत आज उरलेली नाही, केवळ तुकडे उरले आहेत. परंतु फिन्नी वाङ्मयाचा सारा वृक्ष त्याच बीजातून वाढला.

ही भाषा कशी आहे, याची थोडी चव वाचकांस देतो. घरास तालो म्हणतात. घरात म्हणजे तालोस्सा, व घरातून म्हणजे तालोस्ता. आपल्याप्रमाणेच तेही शब्दाच्या शेवटी प्रत्यय जोडितात. मात्र आमच्या विभक्त्या ८, तर त्यांच्या १५ मोजल्या जातात. तो व ती यांस एकच सर्वनाम आहे. पाण्यास व्हेसि म्हणतात, आणि आभार मानावयाचे तर कीतोस. शब्दाचा जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. ऱ्हस्वदीर्घाची चूक तेथे महागात पडते : तुलि म्हणजे अग्नी, आणि तूलि म्हणजे वारा. आमच्याकडेही दिन आणि दीन यांत असेच अंतर आहे.

अशा भाषेस अग्रिकोलांनी प्रथमच नियमित लेखनाचा वेष दिला. तो वेष ठिकठिकाणी ढिला होता. एकाच ध्वनीस ते कधी एक अक्षर लिहीत, कधी दुसरे. दीर्घ स्वर कधी दाखवीत, कधी नाही. कित्येक कल्पनांस शब्दच नव्हते, ते त्यांनी घडविले. सिंह न पाहिलेल्या लोकांसाठी त्यांनी थोर रानहरीण अशा अर्थाचा शब्द योजिला. सदसद्विवेकबुद्धीस, स्वतःची जाणीव अशा दोन सोप्या शब्दांचा जोड केला. तो शब्द आजही प्रचारात आहे. चुका होतील म्हणून ते थांबून राहिले असते, तर लोक आणखी किती वर्षे मुके राहिले असते कोण जाणे.

१५४४ साली त्यांचे मोठे प्रार्थनापुस्तक निघाले. १५४८ साली, सुमारे ११ वर्षांच्या श्रमानंतर, नवा करार छापून आला. पुढे १५५१ साली स्तोत्रसंहिताही निघाली. १५५४ साली ते तुर्कूचे बिशप झाले. १५५७ साली राजाने त्यांस रशियाशी तह करण्यासाठी जाणाऱ्या शिष्टमंडळात मॉस्कोस पाठविले. तह झाला, परंतु हिवाळ्यातील त्या कठीण प्रवासात परत येताना ते आजारी पडले आणि ९ एप्रिल १५५७ रोजी वाटेतच निवर्तले. त्यांचे दफन वीपुरी येथे झाले. संपूर्ण पवित्र शास्त्र फिन्नीत पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते; ते १६४२ साली निघाले. फिनलंडात ९ एप्रिल हा दिवस फिन्नी भाषेचा दिवस म्हणून ध्वज उभारून पाळितात.

आमच्या मराठीसही असेच सेवक लाभले. थॉमस स्टीफन्स यांनी परदेशातून येऊन आमची वाणी आत्मसात केली व त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले.

प्रिय प्रचारक बंधूंनो, घोडेगावच्या पश्चिमेस डोंगरकपारीत जेव्हा तुम्ही ठाकरांच्या वा महादेव कोळ्यांच्या घरी जाता, तेव्हा तुमची पुस्तकी मराठी तेथील म्हातारीच्या काळजापर्यंत पोहोचते काय? तिने मान डोलाविली म्हणजे तिला समजले असे नव्हे. प्रथम तिच्या चुलीजवळ बसून पाण्यास, भाकरीस, तापास, दुःखास ती काय म्हणते ते ऐका व टिपून ठेवा. मग तिच्या नातवास अक्षर शिकवा. १६ पाने पुरतात. अग्रिकोलांनी एवढ्यानेच आरंभ केला होता.