रेशमाची चमक पकडणारा राजा

दोस्तांनो, साजगावातल्या एखाद्या जुन्या घरात लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर दिसली, तर जरा थांबा. चेहरा नंतर बघा, आधी साडी बघा. तिच्या निऱ्या, तिचे जरीचे काठ! देवीला अशी खरीखुरी साडी घराघरांत नेसवली राजा रविवर्मांनी.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, केरळमधल्या किळिमानूरचा. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या दरबारात आले. तंजावरच्या चित्रांत दागिन्यांसाठी, जरीसाठी सोन्याचा वर्ख चिकटवत. तैलरंगात मात्र सोनंही रंगातूनच उभं करायचं असतं. सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनी साटिन आणि मखमल अशीच जिवंत केली होती. तेलाचा रंग सावकाश वाळतो, म्हणून छटा एकमेकींत मिसळता येतात. शेवटी एक उजळ फटकारा मारला की रेशीम चमकतं!

पण हे शिकवणार कोण? दरबारातल्या रामस्वामी नायकरांनी नकार दिला. 1868 च्या सुमारास आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने फक्त बघायची परवानगी दिली. रविवर्मा बघत राहिले, घरी येऊन करत राहिले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पुराणातली चौदा चित्रं मागितली. सीता, दमयंती नेसत काय असतील? पोशाख बघायला रविवर्मा धाकट्या भावाला घेऊन देशभर हिंडले. आपली नऊवारी पुराणातल्या नायिकांच्या अंगावर आली, ती या शोधातून.

ही चित्रं राजवाड्यातच राहिली असती. पण 1894 मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. मंदिराची पायरीही ज्यांना चढू देत नसत, त्यांच्या झोपडीतही आता देव आला. छापखाना पुढे मळवलीला गेला. म्हणजे आपल्या खोपोलीचा घाट चढलात की लोणावळ्याच्या पुढचंच स्टेशन! दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यात काही काळ काम केलं.

चित्रं घरोघरी गेली, कर्ज मात्र मालकाच्या घरी आलं. काही वर्षांतच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. 1905 मध्ये सोबतीचा भाऊ गेला आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजी रविवर्माही.

शिकवायला कुणी नाही म्हणून तुमचं काही अडलंय? मग त्या तसबिरीतली साडी पुन्हा एकदा नीट बघा. नुसतं बघून बघूनच शिकलेल्या हाताची ती करामत आहे.