विश्लेषण : ओलीस मुलगा ते पासोडीचा कवी… दासोपंतांचे कुटुंब परमुलखातून येऊन अंबाजोगाईत कसे रुजले?

नारायणपेठ म्हटले की मराठी घरात आधी साडी आठवते. हे गाव आज तेलंगणात, कर्नाटकच्या सीमेजवळ आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी तिथल्या एका सधन देशपांडे घराण्यावर मुलगा गमावण्याची वेळ आली. तो मुलगा सुटला, मग स्वतःहून घर सोडून गेला आणि अखेर आईवडील व पत्नीसह अंबाजोगाईला येऊन राहिला. मराठी साहित्य त्याला दासोपंत म्हणून ओळखते. कापडावर लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ अंबाजोगाईत अनेकांनी पाहिली आहे. मात्र हे कुटुंब मुळात इथले नव्हते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

दासोपंत कोण होते?

पूर्ण नाव दासो दिगंबर देशपांडे. जन्म १५५१चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. पैठणचे संत एकनाथ (१५३३ ते १५९९) त्यांचे समकालीन. एकनाथ, रामाजनार्दन, जनीजनार्दन, विठारेणुकानंदन आणि दासोपंत या पाच जणांना मिळून ‘नाथपंचक’ म्हणतात. दासोपंतांचे आराध्यदैवत दत्त. वारकरी कवींच्या मांदियाळीत त्यांचे नाव कमी घेतले जाते, त्याचे हे एक कारण.

त्यांच्या आयुष्याची बहुतेक माहिती ‘दासोपंतचरित्र’ या जुन्या ओवीबद्ध ग्रंथातून आणि अंबाजोगाईच्या परंपरेतून येते. अमेरिकन मिशनरी अभ्यासक जस्टिन अॅबट यांनी १९२०च्या दशकात मराठी संतांच्या चरित्रांची इंग्रजी मालिका काढली, तिच्यात एकनाथांप्रमाणे दासोपंतांचे चरित्रही आहे. हे लेखन भक्ताच्या नजरेतले असल्याने त्यातले चमत्कार श्रद्धेचा भाग म्हणून वाचावेत. तरी त्या कथांच्या मागे त्या काळाची राज्यव्यवस्था आणि घरसंसार स्पष्ट दिसतो.

मुलाला ओलीस का ठेवले गेले?

देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार. देशमुख परगण्याचा प्रमुख, तर देशपांडे दफ्तर सांभाळणारा. वसुलाचा पैसा राजधानीत पोहोचवण्याची जबाबदारी अशा वतनदारांवर असे. पीक बुडाले, दुष्काळ पडला तरी खजिन्याची मागणी थांबत नसे. रयतेकडून पैसा आला नाही की तगादा वतनदाराच्या दारात येई.

दिगंबरपंतांचे तसेच झाले. तेव्हा बीदरला बरीदशाही होती आणि १५४२ ते १५८० या काळात तिथे अली बरीद गादीवर होता. वसुलाची मोठी रक्कम थकली, तेव्हा दरबाराने दिगंबरपंतांच्या कोवळ्या वयाच्या मुलालाच बीदरला ठेवून घेतले. महिन्याच्या मुदतीत पैसे आले नाहीत तर मुलाचे धर्मांतर केले जाईल, अशी अट घातली गेल्याचे चरित्र सांगते. मुलाच्या रोजच्या खर्चासाठी दरबारातून मिळणारा होन तो दानधर्मात वाटून टाकत असे, असेही त्यात आहे.

मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस दरबारात आला आणि सगळी रक्कम भरून मुलाला सोडवून गेला. पाडेवार म्हणजे गावकीची कामे करणारा, निरोप पोहोचवणारा सेवक. दिगंबरपंतांनी असा कोणी माणूस पाठवलाच नव्हता. म्हणून तो साक्षात दत्त होता, अशी श्रद्धा रूढ झाली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही बीदरचाच दरबार आहे. दुष्काळात सरकारी कोठार रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे पैसे विठ्ठल महाराच्या रूपात भरतो. दोन्ही कथांत देव येतो तो गावगाड्यातल्या सर्वांत खालच्या माणसाच्या वेशात. सारावसुलीची दहशत लोकमनात किती खोल होती, हेही या दोन कथा सांगतात.

मग घर का सुटले?

मुलगा सुखरूप परतला, पण त्याचे मन घरात रमेना. आपल्याला सोडवून नेणारा कोण होता, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. तोवर त्याचे लग्न झालेले होते. तरीही एके दिवशी तो कोणाला न सांगता निघाला. नांदेडमार्गे तो माहूरला पोहोचला. रेणुकेच्या या गडावर दत्ताचेही मोठे स्थान आहे. तिथे त्याने बारा वर्षे तप केल्याचे परंपरा सांगते. पुढे तो बीड जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या राक्षसभुवनला आला.

इकडे नारायणपेठला काय चालले असेल? ज्याला वाचवण्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तोच मुलगा आता बेपत्ता होता. आईवडील थकत चालले होते. पत्नी सासरी होती, पण नवरा आहे की नाही हेच ठाऊक नव्हते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि नंतर तो गेला असे समजून पुढचे विधी करायचे, असा त्या काळचा रिवाज होता. आजच्या भारतीय कायद्यात हीच मुदत सात वर्षांची आहे.

बारा वर्षे भरली. सुनेचे सौभाग्यलेणे उतरवण्याचा विधी नदीकाठी करावा म्हणून सासूसासरे तिला घेऊन गोदाकाठच्या वाणीसंगमाला आले. आणि तिथेच दासोपंत त्यांना भेटले, असे परंपरा सांगते. चरित्रातला हा प्रसंग बीदरच्या सुटकेइतका गाजलेला नाही. पण त्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर खरी सुटका इथे झाली. काही घटका उशीर झाला असता तर एका जिवंत माणसाची पत्नी विधवा म्हणून जगली असती.

परत न जाता अंबाजोगाईच का?

भेट झाल्यावर सगळ्यांनी नारायणपेठला परतणे सोपे होते. तिथे वाडा होता, वतन होते, भाऊबंद होते. तरीही कुटुंब अंबाजोगाईला आले आणि तिथेच राहिले. नारायणपेठ ते अंबाजोगाई हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. शिवाय या पट्ट्यात बरीदशाही, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमा एकमेकींना भिडत आणि दर लढाईनंतर सरकत. अंबाजोगाईजवळचा धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ मध्ये उभारला, तोही याच चढाओढीतून. म्हणजे आजच्या भाषेत हे कुटुंब दुसऱ्या देशात जाऊन राहिले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

बोलीही बदलली. नारायणपेठच्या परिसरात तेलुगू आणि कानडीचा वावर होता. अंबाजोगाई मात्र मराठीचे जुने घर. आद्यकवी मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी इथेच आहे आणि त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मानला जातो. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आणि मंदिर गावात आहे. योगेश्वरीचे देवस्थान तर दूरच्या कोकणातल्या अनेक घराण्यांचे कुलदैवत. त्यामुळे परगावचा माणूस या गावाला नवा नव्हता.

तरीही नव्याने आलेल्या कुटुंबापुढचे प्रश्न आजच्यासारखेच होते. वतन मागे राहिलेले, शेत नाही, नातलग नाहीत. वाड्यात वाढलेल्या माणसांना परक्या गावात आश्रयावर दिवस काढायचे होते. अशा वेळी तीर्थाच्या गावात कीर्तन, प्रवचन, पोथी आणि शिष्यमंडळी यांतूनच घर उभे राही. दासोपंतांचेही तसेच झाले. राहत्या घराचे देवघर झाले आणि देवघराची परंपरा. ‘थोरले देवघर’ आणि ‘धाकटे देवघर’ ही नावे आजही अंबाजोगाईत पत्ता सांगताना येतात.

पासोडी म्हणजे नेमके काय?

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. दासोपंतांनी अशा कापडावर ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट. त्यावर सुमारे १६०० ओव्या आहेत. म्हणजे एका चौरस फुटात सरासरी दहा ओव्या. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच तत्त्वे एकमेकांत मिसळून शरीर आणि जग कसे घडते, हा वेदान्तातला विषय. तो समजावण्यासाठी त्यांनी ओव्यांसोबत आकृत्या आणि तक्तेही काढले. आजच्या भाषेत सांगायचे तर हा भिंतीवर टांगून शिकवता येईल असा भलामोठा तक्ता होता.

कागद तेव्हा महाग होता, पण कापड निवडण्यामागे तेवढेच कारण नसावे. पोथी एका वेळी एक-दोघेच वाचू शकतात. पसरलेले कापड मात्र आठ-दहा जण एकत्र पाहू शकतात. शिवाय ते गुंडाळून खांद्यावर टाकता येते. एकदा घर सुटलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल.

त्यांनी एकूण लिहिले तरी किती?

‘गीतार्णव’ ही भगवद्गीतेवरची त्यांची टीका सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. गीतेचे श्लोक ७००. म्हणजे एका श्लोकावर सरासरी पावणेदोनशेहून अधिक ओव्या. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, यावरून आवाका लक्षात येईल. ‘पदार्णव’ हा सव्वा लाख पदांचा संग्रह असल्याचे परंपरा सांगते. याखेरीज गीतेवरची दुसरी, आटोपशीर टीका, ‘ग्रंथराज’, संस्कृतातील रचना आणि दत्ताच्या सोळा अवतारांवरचे लेखन आहे. यातला मोठा भाग काळाच्या ओघात हरवला. त्यांना लिहायला रोज एका ढबू पैशाची शाई लागे, ही गावातली आठवण अतिशयोक्तीची असली तरी निराधार वाटत नाही.

एवढे लेखन भटकंतीत होत नाही. त्याला एक जागा, एक दिनक्रम आणि घर सांभाळणारी माणसे लागतात. ग्रंथांवर नाव दासोपंतांचे आहे. पण बारा वर्षे वाट पाहून, ओळखीचे गाव सोडून परक्या गावात चूल मांडणाऱ्या त्यांच्या पत्नीचा आणि उतारवयात मुलुख बदलणाऱ्या आईवडिलांचा वाटा त्यामागे आहे.

आज काय उरले आहे?

दासोपंतांचे निधन शके १५३७च्या माघ वद्य षष्ठीला अंबाजोगाईत झाले. पुस्तकांत हे साल १६१५ असे दिले जाते. शकाच्या हिशेबाने तो माघ महिना १६१६च्या सुरुवातीला येतो. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे. माघातली पुण्यतिथी आणि मार्गशीर्षातली दत्तजयंती हे त्यांच्या परंपरेचे मोठे उत्सव. मार्गशीर्षातच योगेश्वरीचाही उत्सव असतो. नारायणपेठहून आलेला दत्त आणि अंबाजोगाईची देवी यांचे सण असे एकाच महिन्यात येतात.

पासोडी वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या देवघरात सांभाळली. चारशे वर्षांत कापड विरले, काही अक्षरे पुसट झाली. या काळात राज्ये किती बदलली? दासोपंतांच्या निधनानंतर सुमारे तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, बरीदशाही आदिलशाहीत विलीन झाली. नंतर मोगल आले, निजाम आला, गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि पुन्हा अंबाजोगाई झाले. ज्या खजिन्याच्या थकबाकीपोटी एक मुलगा ओलीस ठेवला गेला, त्या खजिन्याचे आता नावही कोणी घेत नाही. त्या मुलाने लिहिलेले कापड मात्र अजून देवघरात आहे.