चिमाजी अप्पा : वसईत आणि पुण्यात

आम्ही वरसाव्याचे. घोडबंदर रस्ता अहमदाबादच्या महामार्गाला मिळतो ते आमचे गाव. पूल ओलांडला की वसई तालुका. खाडीच्या अलीकडे टेकाडावर घोडबंदरचा किल्ला, पलीकडे खाडीच्या मुखाशी वसईचा. हे दोन्ही किल्ले ज्याच्या मोहिमेत मराठ्यांकडे आले तो चिमाजी अप्पा शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो : बाजीरावांचा धाकटा भाऊ, वसईचा विजेता. मला हा माणूस त्याहून अवघड वाटतो.

अप्पांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले, थोरल्या भावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि अप्पांच्या वाट्याला भावाच्या मागे उभे राहणे आले. प्रकृती तोळामासा. तरीही १७२८ मध्ये अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर त्यांच्याच फौजेपुढे पडला. भाऊ हिंदुस्थानभर दौडत असताना पुण्याचा कारभार आणि घरची काळजी पुष्कळ काळ यांच्याच अंगावर असे.

फिरंग्यांवरची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. राग खरा होता. या मुलखात देवळे पाडली गेली होती, आपले धर्मविधी उघडपणे करण्याची रयतेला चोरी होती. त्याच वर्षी घोडबंदर पडले. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात नोंद आहे की आतली शिबंदी कापून काढण्यात आली. पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेतो तेव्हा हे आम्ही सहसा सांगत नाही.

दोन वर्षांनी वसई. १७३९ च्या फेब्रुवारीपासून अप्पा स्वतः वेढ्यावर होते. सुरुंग उडत होते, तटाला खिंडारे पडत होती, आणि खिंडारात शिरणारी माणसे तिथेच मरत होती. वसई हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेने किल्ल्यात उडवून द्या, असे अप्पांनी सरदारांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. कथा खरी असो वा नसो, माणसे हजारोंनी गेली हे खरे. मे महिन्यात फिरंगी शरण आले. घोडबंदरचा कित्ता समोर होता. अप्पांनी तो गिरवला नाही. शिबंदीने हत्यारांनिशी, वाद्ये वाजवीत, निशाणे घेऊन बाहेर पडावे. बायकामुले, पाद्री, चीजवस्तू यांना धक्का लागू नये. मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, असे ठरले. आठ दिवसांची मुदत दिली आणि ती पाळली. घंटा मात्र गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईचीच.

फौज थकली होती, पावसाळा तोंडावर होता, हे मी विसरत नाही. तरी सुडाला एक रात्र पुरते, आणि ती रात्र अप्पांनी येऊ दिली नाही.

वर्षही उलटले नव्हते. बाजीराव नासिरजंगावरच्या स्वारीत गुंतले असताना, १७४० च्या आरंभी, मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवण्यात आले. पुढे होते नानासाहेब, बाजीरावांचे चिरंजीव. पाठीशी होते अप्पा. घरात मुंज आणि लग्न निघाले होते, ब्रह्मवृंद अडून बसला होता. पण मस्तानीने अप्पांचे बिघडवले काय होते? तिने ना देऊळ पाडले, ना त्यांचे माणूस मारले. वसईचा फिरंगी आठ दिवसांत गलबतावर चढून जाणार होता; मस्तानी वाड्यातच राहणार होती, तिचा मुलगा पंगतीला बसायला येणार होता. मला वाटते, अप्पांची क्षमा नेमकी इथे अडली. बाजीराव-मस्तानीवर कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले, त्यांत अप्पा कपाळाला आठ्या घालून उभे असतात. वसईचा तह त्यांच्याच हातचा, हे कोणी दाखवीत नाही. आणि वसईच्या विजयाच्या भाषणांत मस्तानीचे नाव निघत नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले. पाठोपाठ मस्तानी गेली. पाबळला तिची कबर आहे. त्याच डिसेंबरात अप्पाही गेले, वय जेमतेम तेहेतीस. भाऊ गेल्यानंतरच्या त्या आठ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्यांचे चिरंजीव सदाशिवराव भाऊ १७६१ मध्ये पानिपतावर सेनापती होते. मस्तानीचा मुलगा शमशेरबहाद्दर त्या दिवशी त्यांच्याच फौजेत लढत होता. भाऊ रणात पडले; शमशेर जखमी होऊन निसटला आणि त्या जखमांनीच गेला.