कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा महाराज कसा झाला?

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. ११ मार्च १८६३ ला तिथल्या काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळ जन्मला. आडनाव बडोद्याच्या राजघराण्याचं, पण पोटापाण्याला शेती. बारा वर्षांचा झाला तरी पोराला धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

तिकडे बडोद्यात भलतंच चाललेलं. मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटला विष देण्याचा आरोप झाला. चौकशी मंडळाचं एकमत झालं नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण सांगून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. आता गादीवर कोण? आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि वारसाचा शोध थेट कवळाण्यापर्यंत पोहोचला. काशीराव तिन्ही पोरांना घेऊन बडोद्याला गेले. जमनाबाईंनी मधल्याला, म्हणजे गोपाळला निवडलं. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं. गोपाळचा सयाजीराव झाला.

सिनेमा इथं संपला असता. सयाजीरावांचा मात्र अभ्यास सुरू झाला, तोही मुळाक्षरांपासून. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकायच्या होत्या. राज्य तोवर दिवाण टी. माधवराव सांभाळत होते. डिसेंबर १८८१ मध्ये सगळे अधिकार हाती आले.

पुढं १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.