कावळ्याएवढा की घारीएवढा? पाखरं ओळखायला शिकवणारे डॉ. सलीम अली

परळी वैजनाथ : शेतावरून विजेची तार गेली असेल तर तिच्यावर एक पांढुरका पक्षी कधी ना कधी बसलेला दिसतो. डोळे लालभडक, खांद्यावर काळा डाग. कुणी त्याला घार म्हणतं, कुणी ससाणा, तर कुणी कोंबडीची पिल्लं उचलणारं पाखरू म्हणून दगड भिरकावतं. प्रत्यक्षात तो कापशी असतो आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे शेतातले उंदीर. अशी ओळख पुस्तकातून साध्या माणसापर्यंत आणायचं मोठं काम डॉ. सलीम अली यांनी केलं. छत्रपती संभाजीनगरला दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिलंय. ते नाव याच माणसाचं.

सलीम अलींचा जन्म मुंबईतला, १२ नोव्हेंबर १८९६ चा. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोराला वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळं भाच्याच्या हातात लहानपणीच छऱ्याची बंदूक आली. त्या बंदुकीनं त्यानं एक चिमणी पाडली. पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही आपली नेहमीची चिमणी नव्हे, एवढं पोराच्या लक्षात आलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे आज ज्याला बीएनएचएस म्हणतात तिथं पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, ती रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या पोराला दाखवले. पुढच्या आयुष्याची सुरुवात तिथून झाली.

तरी रस्ता सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा काही जमला नाही, कारण लक्ष सगळं रानातल्या पाखरांकडं. परत येऊन प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झालं. सरकारी खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा पदवी नाही म्हणून ती हुकली. १९२६ ला मुंबईच्या म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगायची नोकरी लागली. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून १९३० ला परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. जर्मनीत शिकून आलेला माणूस बेकार.

मग अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरात राहून त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते तपासून पसंत करते, आणि ती बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी नीट नोंदवलं. बंदुकीशिवाय, नुसतं बघत बसून हे कळलं होतं.

पोटापाण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यातून त्यांनी संस्थानांपुढं एक प्रस्ताव ठेवला. पगार नको, फक्त फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या राज्यातले पक्षी मोजून नोंदवून देतो. निजाम सरकारनं होकार दिला आणि १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानची पक्षी पाहणी झाली. तेव्हा परळीसकट सगळा बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. आज आपण ज्याला मराठवाडा म्हणतो त्या मुलखातल्या पाखरांची शास्त्रशुद्ध यादी तयार होण्यात या पाहणीचा मोठा वाटा आहे. तहमिना रानातल्या मुक्कामात बरोबर असायच्या, तंबूतला संसार त्याच सांभाळायच्या. या पाहणीत पक्षी मारूनही गोळा केले जात. त्या काळी पक्षी हातात घेतल्याशिवाय नोंद पक्की मानत नसत, आणि अलींनी ही गोष्ट कधी लपवली नाही.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. अली पुरते खचले आणि कामात बुडाले. १९४१ ला त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. ते इंग्रजीत असलं तरी त्यातली युक्ती कुठल्याही गुराख्याला समजेल अशी आहे. पक्ष्याचं माप इंचात सांगून भागत नाही, कारण उडणाऱ्या पाखराला टेप लावता येत नाही. म्हणून अलींनी माप दिलं ते ओळखीच्या पाखरांचं : चिमणी, बुलबुल, मैना, कबुतर, कावळा, घार, गावठी कोंबडी, गिधाड. नवा पक्षी यातल्या कुणाएवढा, थोडा मोठा की थोडा लहान, एवढं आधी ठरवायचं. मग शेपूट, पंख, उडण्याची ढब.

शिकारी पक्ष्यांना हे माप फार कामाला येतं. घार सगळ्यांना ठाऊक. तपकिरी रंग, गावावर घिरट्या आणि शेपटीला मधे खाच. इतर शिकारी पक्ष्यांच्या शेपटीला अशी खाच सहसा नसते, म्हणून आधी शेपूट बघावं. कापशी कावळ्याएवढी. ती हवेत एका जागी पंख फडफडवत, पाय खाली सोडून थांबते आणि तिथूनच उंदरावर उतरते. शिक्रा कबुतराएवढा, वरून राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. चार वेळा पंख मारतो आणि मग तरंगत जातो. सरडे, उंदीर, लहान पाखरं हे त्याचं खाणं. एखादं कोंबडीचं पिल्लू तो कधी उचलतो, घारही उचलते, पण त्याची शिक्षा तारेवरच्या कापशीला मिळते. खरुचीही कबुतराएवढीच, पाठ विटकरी. हिवाळ्यात माळावर दिसते आणि तीही हवेत एका जागी थांबते. म्हणजे थांबणारा पक्षी पांढुरका असेल तर कापशी, विटकरी असेल तर खरुची.

भोवत्या हिवाळ्यातला पाहुणा, मध्य आशियाकडून येतो. घारीपेक्षा सडपातळ. ज्वारीच्या किंवा गवताच्या अगदी वरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तो तरंगत जातो. उंदीर आणि टोळ खातो आणि रात्री झाडावर नाही, तर गवतात जमिनीवर झोपतो. माळ पेटवला की त्याची झोपायची जागाच जाते. सापमार गरुड घारीपेक्षा मोठा, डोकं घुबडासारखं जाड, खालून फिकट. त्याचं खाणं नावातच आलं.

यात एक गोम आहे. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते आणि पिल्लांचा रंग वेगळा असतो. त्यामुळं नुसत्या मापावर किंवा रंगावर जाऊन जाणकारही फसतात. उडण्याची ढब त्या मानानं कमी फसवते.

पुढं अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्याबरोबर अलींनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ केला. १९६८ च्या पहिल्याच खंडात शिकारी पक्षी आहेत. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. राजस्थानातल्या भरतपूरचं पाणपक्ष्यांचं रान वाचावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८० नंतर तिथं बीएनएचएसनं दहा वर्षांचा अभ्यास चालवला. त्याच काळात तिथल्या गिधाडांची घरटी मोजून ठेवली गेली. गिधाडं तेव्हा इतकी होती की ती कशाला मोजायची, असं कुणालाही वाटलं असतं.

२० जून १९८७ ला सलीम अली मुंबईत वारले. वय ९० होतं.

त्यानंतर दहाएक वर्षांनी भरतपूरची घरटी पुन्हा मोजली तेव्हा ती कमालीची घटली होती. आधीचा आकडा हातात होता म्हणूनच हे कळलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर देशात १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरावं इतकी संपली. आपल्याकडंही गावाबाहेर जनावर पडलं की तासाभरात जमणारा गिधाडांचा थवा आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. कारण २००४ मध्ये उघड झालं : जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक. ते इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं.

२००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. २०१५ ला माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या, कारण त्याच गोठ्यात वापरल्या जात होत्या. २०२३ ला केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं आणि जनावरालाही गुण देतं. बैलाला किंवा म्हशीला इंजेक्शन देताना डॉक्टरांना नाव विचारायला काहीच हरकत नाही.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस. हरियाणातल्या पिंजोरला बीएनएचएसच्या केंद्रात जन्मलेली काही गिधाडं २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणली, ताडोबात आणि पेंचमध्ये.